मोटर घडीघडी चालू-बंद होते? आधी टाकीतली हवा तपासा

प्रेशर पंप बसवलेल्या घरात नळ सोडला की थोडा वेळ नुसतं पाणी यावं, मग मोटर सुरू व्हावी, नळ बंद केल्यावर ती काही सेकंद चालून थांबावी. बऱ्याच घरांत मात्र नळ अर्धा सोडलेला असतानाच मोटर उठते, दोन सेकंदांत थांबते, पुन्हा उठते, पुन्हा थांबते. हातावर पडणारी धार कधी जोरात, कधी बारीक. सुरुवातीला सगळे वैतागतात, मग त्या आवाजाची सवय होते, आणि एक दिवस मोटर जळते. मिस्त्री येऊन वाइंडिंग करून देतो. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तीच रड.

या वेळी आम्ही याच दुखण्याबद्दल लिहीत आहोत, कारण खर्च मोटरीवर होतो आणि दोष पुष्कळदा दुसरीकडेच असतो. मोटरीच्या शेजारी निळ्या किंवा लाल रंगाची जी गोल लोखंडी टाकी असते, ती प्रेशर टाकी. तिच्यातली हवा गेली किंवा आतलं रबर फाटलं की मोटरीचे हाल सुरू होतात. हवा तपासायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. म्हणून नवी मोटर घेण्याआधी टाकी बघावी, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

चाचींचा प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम आहे. विवेकानंद आश्रमामुळे या गावाचं नाव जिल्ह्याबाहेरही पोचलेलं आहे. आपल्याकडे जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. हे गाव घाटावरचं. इथं जमिनीखाली काळा पाषाण. बोअरला पाणी लागतं ते या खडकातल्या भेगांमधून. कुठे चांगलं लागतं, तर शेजारच्याच अंगणात बेताचं. ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांना त्याची किंमत मे महिन्यात कळते.

या गावातलं एक घर आमच्या माहितीतलं आहे. खाली आई-वडील, वर दोन मुलांचे संसार. अंगणात बोअर, त्याचं पाणी जमिनीतल्या हौदात, आणि हौदातून प्रेशर पंपानं दोन्ही मजल्यांवर. पंपाला चोवीस लिटरची टाकी. एका उन्हाळ्यात या घरची मोटर दोनदा जळाली. तिसऱ्यांदा ती गुरगुरू लागली तेव्हा मिस्त्री म्हणाला, “चाची, आता नवीनच घ्या. हिच्यात काही राहिलं नाही.”

चाची म्हणाल्या, “बेटा, मोटर जळते ते आम्हालाही दिसतं. पण ती जळते कशानं, ते सांग ना.”

प्रश्न अगदी बरोबर होता. मिस्त्रीनंही तो मनावर घेतला. टाकीच्या डोक्यावरचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं. आत मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह. त्याची पिन नखानं दाबली, तर हवेऐवजी पाण्याची चिळकांडी उडाली. आतलं रबर फाटलेलं होतं. मोटर जळत होती ती त्यामुळे. नवी मोटर बसवली असती तर तीही त्याच वाटेनं गेली असती.

दाब येतो कुठून

हे नीट समजायला पाण्याचा दाब म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पाण्याला उंचीमुळे दाब मिळतो. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा खाली साधारण एक किलो दाब पडतो. गेजवर आपण ज्याला ‘किलो’ म्हणतो तो हाच. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पुष्कळांनी पाहिली असेल. कित्येक किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून तिथं आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि वरून हौदात सोडलं. त्याच शहरात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं नहरींनी पाणी खेळवलं. वीज नव्हती, मोटर नव्हती. सगळं काम उताराचं आणि उंचीचं.

आपल्या घरात स्लॅबवरची टाकी नळापासून चार मीटर उंच असेल तर नळाला जेमतेम पाऊण-अर्धा नव्हे, ०.४ किलोच दाब मिळतो. बादली भरायला तेवढा पुरतो. पण वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये टाकी डोक्यावर दीड-दोन मीटरच असते. तिथं शॉवर चालत नाही, गिझर नीट भरत नाही, वॉशिंग मशीन पाण्याची वाट बघत राहतं. म्हणून लोक प्रेशर पंप बसवतात.

पंपाला एक प्रेशर स्विच असतो. दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की तो मोटर सुरू करतो आणि वरच्या आकड्याला पोचला की बंद करतो. समजा, दीड किलोला सुरू आणि अडीच किलोला बंद. पाणी दाबलं जात नाही, हीच इथली अडचण. पाइपात नुसतं पाणी असेल तर नळ जरासा सोडताच दाब कोसळतो, मोटर लागताच दाब एकदम वर चढतो, आणि स्विच टकटक करत राहतो.

हा धक्का सोसायला प्रेशर टाकी असते. तिच्या आत रबराचा फुगा असतो. फुग्यात पाणी आणि फुग्याबाहेर, लोखंडी कवचाच्या आत, हवा. काही टाक्यांत फुग्याऐवजी मधोमध रबराचा पडदा असतो, काम तेच. हवा दाबली जाते, हा साधा गुण इथं उपयोगी पडतो. मोटर पाणी ढकलते तेव्हा हवा आक्रसते. नळ सोडला की तीच हवा फैलावून पाणी बाहेर ढकलते. हवा किती दाबल्यावर किती आक्रसेल याचा नियम रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ मध्ये मांडला. आपल्या अंगणातली टाकी त्याच नियमानं चालते.

त्या नियमानं हिशेब केला तर चोवीस लिटरच्या टाकीत, दीड ते अडीच किलोच्या दरम्यान, मोटर न लागता वापरता येणारं पाणी साधारण साडेसहा लिटर भरतं. टाकी चोवीसची असली तरी बाकीची जागा हवेची, हे लक्षात ठेवावं.

आता पंधरा लिटरची बादली मिनिटाला सहा लिटरच्या धारेनं भरायची, तर अडीच मिनिटं लागतात. टाकी चांगली असेल तर तेवढ्यात मोटर साधारण दोनदा सुरू होईल. टाकीतली हवा गेलेली असेल आणि मोटर दर चार सेकंदांनी उठत असेल, तर तीच बादली भरताना ती पस्तीसच्या वर वेळा सुरू होईल. दिवसाला दहा बादल्या धरल्या तर वीसच्या जागी साडेतीनशे वेळा. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. त्यानं वाइंडिंग तापतं, कॅपॅसिटर फुगतो, स्विचचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडतात. चाचींच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: मोटर चालून जळत नाही, पुन्हापुन्हा सुरू होऊन जळते.

दुखणं कसं ओळखावं

पहिली तपासणी कानानं. एक नळ अर्धा सोडा आणि मोबाईलच्या घड्याळावर बघा, मोटर एकदा थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत किती वेळ जातो. लहान टाकीलासुद्धा त्या धारेवर पाऊण-एक मिनिट लागायला हवं. पाच-दहा सेकंदांत ती उठत असेल तर संशय टाकीवर घ्या.

दुसरी तपासणी हातानं. मोटर नुकतीच बंद झालेली असताना टाकीवर बोटांच्या पेरांनी ठोका. चांगल्या टाकीत हवेच्या भागाचा आवाज पोकळ येतो आणि पाण्याच्या भागाचा भरीव. सगळीकडून भरीव ‘ठप्प’ असा आवाज आला तर टाकी पाण्यानं गच्च भरलेली समजा.

तिसरी तपासणी व्हॉल्व्हची. टोपण काढून पिन क्षणभर दाबा. नुसती हवा आली तर रबर बहुधा शाबूत आहे, हवा कमी झाली असेल. पाणी आलं तर रबर फाटलेलं आहे. मग त्यात कितीही हवा भरली तरी टिकणार नाही. काहीच आलं नाही तर हवा पूर्ण गेलेली आहे, ती भरून बघावी लागेल.

चौथी तपासणी हवा मोजण्याची, आणि इथं पुष्कळ जण फसतात. टाकीत पाणी असताना हवा मोजली तर गेज पाण्याचाच दाब दाखवतो. तो आकडा बघून हवा भरपूर आहे असं वाटतं. म्हणून आधी मोटरचा एमसीबी पाडा. मग सगळ्यांत खालचा नळ सोडून पाणी पूर्ण जाऊ द्या. गेजचा काटा शून्यावर आला आणि टाकी हलवल्यावर हलकी लागली, की मगच हवा मोजा.

हवा किती असावी? मोटर ज्या दाबाला सुरू होते त्याच्यापेक्षा किंचित कमी. पंक्चरच्या दुकानात हवा पौंडात मोजतात, आणि एक किलो म्हणजे साधारण चौदा पौंड. मोटर दीड किलोला, म्हणजे एकवीस पौंडाला सुरू होत असेल तर टाकीत एकोणीस पौंड हवा ठेवावी. दोन पौंड कमी, एवढं सूत्र लक्षात ठेवलं की झालं. हवा जास्त झाली तरी त्रास होतो: मोटर सुरू होण्याआधीच टाकीतलं पाणी संपतं, धार मध्येच तुटते आणि मग झटक्यानं येते. तुमच्या नळाची धार अशी तुटत असेल तर हवा थोडी सोडून बघा.

हवा भरायला पायानं मारायचा पंप चालतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसरही चालतो, पण तो जपून वापरावा. लहान टाकी पटकन भरते. भरून झाल्यावर व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर पिन बदला. ती पंक्चरच्या दुकानात मिळते. मग मोटर सुरू करून पुन्हा घड्याळ लावा. फरक लगेच दिसतो.

आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. हवा तेवढीच असेल तर काम झालं. थोड्याच दिवसांत पुन्हा उतरली आणि व्हॉल्व्हही गळत नसेल, तर रबराला बारीक भोक आहे असं धरून चाला.

टाकी निर्दोष निघाली तर

दर वेळी टाकीचाच दोष नसतो. रात्री सगळे झोपलेले, एकही नळ चालू नाही, तरी मोटर मधूनच उठून थांबते, असं असेल तर कुठेतरी पाणी निसटतंय. कुठे, ते शोधायला एक सोपी युक्ती आहे. दाब भरून मोटर थांबू द्या. मग टाकीकडून घरात जाणारा मुख्य कॉक बंद करा आणि गेजकडे बघत बसा. काटा जागेवर राहिला तर गळती घरात आहे. बहुधा संडासाच्या फ्लशच्या टाकीतला वायसर झिजलेला असतो आणि भांड्यात दिसेल न दिसेल अशी धार चालू असते. फ्लशच्या टाकीत थोडी हळद कालवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. भांड्यात पिवळं उतरलं तर चोर सापडला.

कॉक बंद असूनही काटा खाली येत राहिला तर दोष पंपाच्या बाजूला आहे. पाणी मागे फिरू नये म्हणून पाइपात जो एनआरव्ही असतो त्यात कचरा अडकलेला असतो किंवा त्याचं सील गेलेलं असतं. पाणी परत हौदात किंवा बोअरमध्ये उतरतं आणि मोटर तेच पाणी पुन्हा चढवत राहते. वीज जाते, पाणी तेवढंच.

तिसरी शक्यता प्रेशर स्विचची. जड पाण्यात पांढरा क्षार धरतो, हे आपल्या भांड्यांवर आणि गिझरच्या कॉइलवर रोज दिसतं. स्विचकडे जाणारी नळी बारीक असते. ती क्षारानं बुजली की स्विचला खरा दाब कळतच नाही. घाटाखाली खारपाण पट्ट्यात राहणाऱ्यांनी ही नळी आणि टाकीचा खालचा लोखंडी भाग अधिक वरचेवर बघावा. खाऱ्या पाण्यानं लोखंड लवकर गंजतं.

आणि चौथी, सगळ्यांत काळजीची. मोटर सुरू झाली ती थांबतच नाही, काटा वर चढत नाही, नळाला हवेचे फुसकारे येतात. हे टाकीचं दुखणं नव्हे. हौद रिकामा झाला आहे किंवा बोअरचं पाणी खाली गेलं आहे. अशा वेळी आधी मोटर बंद करा. पाण्याविना चालणारी मोटर फार काळ टिकत नाही. पाषाणातल्या बोअरला पुन्हा भरायला वेळ द्यावा लागतो. मोठी मोटर किंवा मोठी टाकी बसवून पाणी वाढत नाही, बोअर लवकर रिकामा होतो एवढंच. उन्हाळ्यात ज्यांचं बोअर तुटक चालतं, त्यांनी पाणी संपताच मोटर बंद करणारं ड्राय रन प्रोटेक्शन बसवून घ्यावं.

बदलायची वेळ आली तर

रबर फाटलं म्हणजे पूर्ण टाकी टाकून द्यावी लागते असं नाही. बऱ्याच टाक्यांच्या तोंडाशी पाच-सहा बोल्टची गोल चकती असते. ती काढली की फुगा बाहेर येतो आणि त्याच मापाचा नवा बसतो. जुना फुगा दुकानात सोबत न्यावा, कारण तोंडाचं माप टाकीगणिक बदलतं. घेताना तो पिण्याच्या पाण्याला चालणारा आहे ना, हे विचारून घ्यावं. हेच पाणी आपण पितो आणि स्वयंपाकाला वापरतो. पडदा असलेल्या टाक्यांना मात्र असा जोड नसतो. त्यांचं रबर गेलं की टाकीच बदलावी लागते.

लोखंडी कवच गंजलं असेल, जोडाजवळ ओल दिसत असेल, पत्रा पातळ झाला असेल, तर फुगा बदलण्याच्या फंदात पडू नका. दाबाखालची गंजलेली टाकी फुटू शकते. तिला वेल्डिंगचं ठिगळही लावू नये.

काम करताना क्रम असा ठेवावा. वीज बंद, आणि एमसीबीजवळ घरातलं एक मोठं माणूस उभं, म्हणजे कुणी चुकून चालू करणार नाही. मग नळ सोडून पाण्याचा दाब शून्य. त्यानंतर व्हॉल्व्हची पिन दाबून हवेचाही दाब शून्य. हे तिन्ही झाल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही. हवा आत असताना चकती काढली तर ती गोळीसारखी उडते. जुनी टाकी काढली की पाइपाचे आटे साफ करून टेफलॉन टेप गुंडाळावी. नवी टाकी सपाट आणि भक्कम जागेवर ठेवावी. तिचं वजन पाइपावर पडता कामा नये. कारखान्यातून टाकीत हवा भरूनच येते, पण ती आपल्या स्विचच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. म्हणून पाणी भरण्याआधी हवा मोजून दोन पौंडांचं सूत्र लावावं. आमच्या पाहण्यात नव्या टाकीबद्दलच्या तक्रारी बहुतेक इथंच सुरू होतात: टाकी बसते, पण हवा कुणी मोजत नाही.

टाकीचं माप किती घ्यावं? हौदावरच्या अर्ध्या-एक हॉर्सपॉवरच्या घरगुती पंपाला चोवीस लिटरची टाकी सर्रास लावतात आणि लहान कुटुंबाला ती चालते. दोन-तीन संसार एकत्र असतील, पहाटे सेहरीला किंवा ईदच्या सकाळी सगळे नळ एकदम सुटत असतील, तर मोठी घेतलेली बरी. बोअरमधली सबमर्सिबल थेट नळांना जोडलेली असेल तर गोष्ट वेगळी. ती मोटर एकदा सुरू झाली की निदान एक मिनिट तरी चालावी, असा हिशेब धरतात. ती मिनिटाला चाळीस लिटर पाणी देत असेल तर टाकीत चाळीस लिटर मावायला हवं, आणि वर सांगितलेल्या दाबांवर त्यासाठी साधारण दीडशे लिटरची टाकी लागते. तिथं चोवीस लिटरची लावली तर बोअरची मोटर बाहेर काढण्याची वेळ लवकर येणार, आणि त्याचा खर्च ज्यांनी केला आहे त्यांना तो सांगायला नको.

घरच्यांनी काय करावं, काय करू नये

हवा मोजणं, हवा भरणं, ठोकून बघणं, गळती शोधणं ही कामं घरातलं कुणीही करू शकतं. चाचींनीही शिकून घेतली आहेत. पण प्रेशर स्विचचं झाकण उघडू नये. त्याखाली वीज असते. स्विचचे आकडे बदलायचे असतील तर वायरमनला बोलवावं. ओल्या जागी, ओल्या हातानं, अनवाणी मोटरीला हात लावू नये. अर्थिंग नीट आहे का हे वर्षातून एकदा तपासून घ्यावं आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. मोटरीच्या अंगावर करंट उतरला तर तो लगेच वीज तोडतो. टाकीच्या हवेचं दुखणं पैसे खातं. अर्थिंगचं दुखणं जीव घेतं. दोन्हींकडे एकाच दिवशी बघावं.

आणखी एक गोष्ट. प्रेशर टाकी म्हणजे पाण्याचा साठा नव्हे. लाईन गेली की तिच्यात जास्तीत जास्त साडेसहा लिटर उरतं, तेही दाब कमी होत होत. म्हणून प्रेशर पंप बसवला तरी स्लॅबवरची टाकी काढू नये. तिचं पाणी थेट नळाला येईल असा एक बायपास कॉक ठेवावा. फजरच्या वेळी लाईन नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वुजूसाठी अंधारात बादली घेऊन हौदावर जावं लागू नये. त्यांच्या पायांचा विचार टाकी बसवतानाच करावा.

धार जोराची झाली की पाणीही जास्त जातं, हेही सांगायला हवं. पूर्वी लोट्यात जेवढं पाणी तेवढ्यात वुजू होत असे. प्रेषितांचा (सल्ल.) वुजू एक मुद्द पाण्यात होत असे, असं हदीसमध्ये आलं आहे, आजच्या मापात ते पाऊण लिटरच्या आसपास भरतं. आज नळ पूर्ण सोडून आपण वुजू करतो तेव्हा टाकीतलं साडेसहा लिटर एका माणसाच्या वुजूत संपतं आणि मोटर उठते. सरकारच्या जलजीवन मिशननं २०१९ पासून गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी हे माप धरलं आहे. त्या हिशेबात पाच वुजूंचं पाणी बसवून बघावं. वुजूच्या जागेचा कॉक थोडा आवळून ठेवला तर धार बारीक होते, काम तेवढंच होतं, मोटरीच्या फेऱ्या कमी होतात आणि बोअरचं पाणी बोअरमध्ये राहतं.

वाचक भावा-बहिणींनी हे पान वाचून झाल्यावर एक काम करावं. आपल्या टाकीवर मार्करनं तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: मोटर किती किलोला सुरू होते, टाकीत किती पौंड हवा ठेवायची, आणि हवा शेवटची कधी मोजली. दर सहा महिन्यांनी, एकदा उन्हाळा लागण्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, हवा मोजून तारीख बदलावी. मिस्त्री बदलला, घरातला माहीतगार माणूस गावी गेला, तरी टाकी स्वतःच आपलं दुखणं सांगेल. आणि पुढच्या वेळी कुणी “मोटर गेली” म्हणालं, तर चाचींसारखं आधी विचारावं: गेली ती कशानं?